बोटाने फिरवलेलं गाणं

त्या हिवाळ्यात तिबिलिसीत वीज यायची
पाहुण्यासारखी, न कळवता,
आणि चहा व्हायच्या आत निघून जायची.
लिफ्ट नोव्हेंबरपासून
सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे अडकलेली.
तिच्यात कुणाचीतरी बटाट्यांची पिशवी होती,
वास सुटल्यावर कळलं.

पावाची रांग पहाटे चारला.
आई माझ्या तळहातावर शाईने नंबर लिहायची,
दोनशे सतरा.
घाम येऊ देऊ नकोस, म्हणायची.
त्या थंडीत घाम!

गाण्यांचं काढलं ते चौथ्या मजल्यावरच्या जुजुनाबाईंनी.
टपाल खात्यातून निवृत्त, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
एका संध्याकाळी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या,
"माझ्याकडे तबकडी आहे. वीज नाही.
कुणाला अक्कल आहे?"

अक्कल बद्रीला होती.
तो घड्याळं दुरुस्त करायचा,
पण त्या वर्षी किती वाजले याची
कुणालाच पडली नव्हती.
त्याने माझ्या दप्तरातला नकाशा मागून घेतला
(त्या देशाचा, जो आता नव्हता),
गुंडाळून त्याचा कर्णा केला,
टोकाला शिवणाची सुई खोचली
आणि तबकडी बोटाने फिरवू लागला.

आधी खरखर.
मग विहिरीच्या तळातून हाक यावी तशी
एक बाई गाऊ लागली.

जुजुनाबाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडला,
आणि परत बांधला.

मग रोजच.
कुणी लग्नातलं गाणं आणलं, कुणी द्राक्षं तुडवतानाचं.
ओतारने आणलं फौजेतलं, त्याला स्वतःला न आवडणारं.
"माझ्या भावाला आवडायचं," एवढंच म्हणाला.
भावाचं कुणी विचारलं नाही.
मेणबत्ती एकच, तीही तबकडीपाशी.
आमचे चेहरे अंधारात असायचे,
ते बरंच होतं.

गाणं ज्याच्या त्याच्या बोटाने चालायचं.
बद्रीचं बोट ठरलेल्या ठोक्याचं.
त्सियालाचं घाईचं, तिचा स्टोव्ह वर पेटता असायचा.
तिच्या बोटाखाली गाणारी बाई सोळा वर्षांची व्हायची.
ओतारच्या बोटाखाली म्हातारी,
शेवटच्या कडव्यापर्यंत जवळजवळ पुरुष.
माझी पाळी आली की सगळे हसायचे:
गाणं चालायचं जिना उतरणाऱ्या शेळीसारखं.
त्या हसण्यासाठी मी कधी कधी
मुद्दाम अडखळायचे.

सुई तबकडी खात होती.
दर वेळी बारीक काळा भुगा निघायचा,
बद्री तो फुंकरीने उडवायचा.
फेब्रुवारीत म्हणाला, "जुजुनाबाई,
आता पाच-सहा वेळा. मग काही उरणार नाही."
"मग काय लोणचं घालू तिचं?
लाव."

सातव्या वेळी, दुसऱ्या कडव्यात,
बाई गेली.
नुसती खरखर. बद्रीचं बोट फिरतच राहिलं,
त्याला थांबवायचं कसं ते सुचेना.
आणि खालच्या पायरीवरून, जिथे ओतार बसायचा,
खर्ज लागला.
त्सियालाने वरचा सूर धरला, घाईतच.
मधला कुणाचा ते दिसलं नाही.
जुजुनाबाईंचाच असावा,
टपालाच्या शिक्क्यासारखा ठाम,
आणि जरासा वाकडा पडलेला.

आता ते गाणं माझ्या फोनवर आहे,
कुणीतरी स्वच्छ करून ठेवलेलं, खरखर काढून.
बाई पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत
एकाच वयाची.
मला ते कुठेतरी चुकलेलं वाटतं.

परवा, दवाखान्यातून आले त्या रात्री,
ते लावून स्वयंपाकघरात बसले होते.
बोट कधी टेबलावर गेलं, गोल फिरू लागलं,
कळलं नाही.
मुलगा दारात उभा:
"आई, काय पुसतेस?"

थांब, म्हटलं.
ओतारकाकाची पाळी आहे.